नाव खोडून आणायचं

यारेलीचं वागणं तोमासाला त्या दिवशी मुळीच आवडलं नाही. सोळा वर्षांची पोर, आजीच्या मांडीवर वाढलेली, आणि आजी समोर बसलेली असताना कागदाभोवती कोपराचं कुंपण घालून लिहीत होती. परीक्षेत शेजारच्यानं बघू नये म्हणून पोरं लिहितात तसं. तोमासाला वाचता येत नाही हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक. मग झाकायचं तरी कुणापासून?

"काय झाकतीस गं एवढं?"

"काही नाही आजी. पुढच्या वर्षी मोठी मोजणी आहे ना, तिच्या चाचणीचा कागद आलाय सरकारचा. घरात किती माणसं राहतात, एवढंच."

"एवढंच असतं तर मी इथं बसून बोटांवर सांगितलं असतं. मी, तुझा बाप, तुझी आई आणि तू. चार. त्याला एवढी पानं कशाला लागतात?"

यारेली पेन चावत बसली.

पत्र्याच्या त्या लांबट घरात जूनचा उकाडा भरून राहिला होता. खिडकीतला पंखा गरम हवा आत ढकलत होता. देल्फिना, तोमासाची सून, तव्यावर मक्याची भाकरी उलटत होती आणि मनगटानं घाम पुसत होती. सेवेरो न्हाणीतून आला. बागेत पीच तोडून आलेला माणूस कितीही चोळून न्हाला तरी फळावरची लव काही जात नाही. त्याची मान, दंडाची आतली बाजू, सगळं लालबुंद, नखांनी ओरबाडलेलं. तो पाटावर टेकला, घेवड्याच्या कालवणात भाकरी बुडवली आणि तेवढ्यात त्याची नजर कागदावर गेली.

"काय काय विचारलंय त्यात?"

"नाव. वय. जन्म कधीचा." यारेली थांबली. "आणि या देशाचे नागरिक आहात का, ते."

"कुणाकुणाचं?"

"घरात राहतात त्या सगळ्यांचं."

सेवेरोच्या हातातली भाकरी कालवणातच राहिली, भिजून तुटली.

"मग? तू काय लिहिलंस?"

"मी बघते ना पप्पा. तुम्ही जेवा."

"बघते म्हणजे काय?"

"जेवा म्हटलं ना!" पोर एकदम खेकसली, कागद पाकिटात कोंबला, पाकिटाची कड जिभेनं ओली केली आणि सायकलवर टांग टाकून टपालपेटीकडे निघूनसुद्धा गेली.

"बघितलंस?" तोमासा सुनेला म्हणाली. "शाळेला पोर दिली शिकायला. आता शाळा आपल्यालाच गप्प बस म्हणतीय."

देल्फिनानं पुढची भाकरी तव्यावर टाकली. ती बोलायचीच कमी. सेवेरो तसाच ताटावरून उठला.

तोमासाला कळत होतं तो का उठला ते. डोंगरातलं त्यांचं गाव इथून चार दिवसांच्या वाटेवर, सरहद्दीपलीकडच्या देशात, पार दक्षिणेच्या टोकाला ओआहाकात राहिलं होतं, पण ते गाव सेवेरोच्या पाठीवर बसलेलं होतं. तिथं रविवारी गावच्या कचेरीच्या ओसरीत कारकून यादी वाचायचा. नाव वाचलं की माणसानं "हजर" म्हणायचं आणि आठवडाभराचं गावकाम उचलायचं. रस्ता, पाट, देवळाची भिंत, जे निघेल ते. तीनदा नाव घेऊन उत्तर आलं नाही, तर काठीवाला शिपाई घरी यायचा आणि माणसाला धरून न्यायचा. सेवेरोचा बाप तेव्हा इकडे कॅलिफोर्नियात द्राक्षं तोडत होता. बापाचं नाव पुकारलं आणि शिपायानं पंधरा वर्षांच्या सेवेरोला नेलं. तीन आठवडे पोरानं धोंडे वाहिले. खांद्याची साल गेली. त्या गावात नाव लिहितात ते मोजायला नाही. बोलवायला लिहितात. आणि आला नाहीस तर न्यायला येतात.

तोमासाजवळ इथं राहायचा कागद होता. विनाकागद आलेल्यांना सरकारनं माफी दिली, त्या वर्षी शेतमजुरांना मिळाला तो. सेवेरो तेव्हा गावाकडे आजीपाशी राहिलेला, म्हणून त्याला मिळाला नाही. सतरा वर्षांचा असताना तो वाळवंट चालून आला. त्याला बावीस वर्षं झाली. देल्फिना त्याच वाटेनं मागून आली. यारेली मात्र इथंच जन्मली. एका छपराखाली तीन जातींची माणसं, असं तोमासा हसून म्हणायची. त्या दिवसापासून तिनं ते म्हणायचं सोडलं.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ओदिलोनच्या गाडीत सगळे बसले. ओदिलोन त्यांच्याच गावचा. वस्तीतली माणसं बागेवर न्यायची आणि आणायची, हे त्याचं काम. गाडीत रेडिओ लागलेला. त्याच्यावर त्याच प्रश्नाचा खल चाललेला. एक म्हणे, कागद कुणाला दाखवायचा नाही असा कायदा आहे. दुसरा म्हणे, कायदा काल होता, उद्याचं कोण सांगणार.

"बंद कर रे ते," तोमासा म्हणाली. "सकाळी सकाळी कावळे."

"तोमासामावशी, कावळ्यांचं तोंड बंद केलं म्हणून मेलेलं ढोर जिवंत होतं का?" ओदिलोन म्हणाला, पण बंद केला.

बागेत दव होतं तोवर बरं होतं. नऊला ऊन चढलं. तोंडाला फडकं, त्यावर टोपी, अंगात लांब बाह्यांचा सदरा. नुसते डोळे उघडे आणि डोळ्यांत लव. सेवेरो तीन पायांच्या शिडीवर वरची फळं घ्यायचा, तोमासा आणि देल्फिना खालच्या फांद्यांची फळं झोडायच्या नाहीत, हातानं वळवून तोडायच्या. पीच दाबून तोडलं की बोटाचा डाग संध्याकाळी काळा पडतो. तोमासाची बोटं अजून हलकी होती. ती बासष्ट वर्षांची होती आणि रांगेत कुणाच्या मागं राहत नव्हती.

सेवेरो मागं राहू लागला. कच्च्या रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की तो शिडीवरच थिजायचा. गाडी पाणी सोडणाऱ्याची निघायची, औषध मारणाऱ्याची निघायची. तोवर त्याचे हात थांबलेले असायचे.

हे रोहेलिओ मुकादमाच्या नजरेतून कसं सुटेल? त्याला दुसऱ्याची दुखरी जागा पहिल्यांदा दिसायची.

"सेवेरो!" तो रांगेच्या तोंडाशी उभा राहून ओरडला. "अरे, मोजणीवाले आलेत! तुझं नाव पुकारतायत!"

माणसं हसली. आणि सेवेरो, तीस किलोची भरलेली पिशवी छातीवर घेऊन, शिडीवरून पाठमोरा खाली आला, धडपडला, दोन झाडं ओलांडून लाकडी पेटाऱ्यांच्या मागं जाऊन बसला. पिशवीचा बंद सुटला. पीच उतारावरून घरंगळत मुकादमाच्या बुटांपर्यंत गेले.

हसणं जागच्या जागी विरलं. गुडघे पोटाशी धरून बसलेला चाळिशीचा बाप्या बघितल्यावर पुढं हसणार कोण?

"एवढं काय रे, थट्टा केली," रोहेलिओ म्हणाला. मग बूट झटकून, "ही फळं पेटीत घालायची नाहीत. ठेचलीत."

तोमासा कमरेवर हात देऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "तुझी आई माझ्याबरोबर द्राक्षाला यायची, रोहेलिओ. कागद तिच्याजवळही नव्हता. ती द्राक्षाच्या पेट्यांमागं लपली तेव्हा तू तिच्या पोटात होतास. थट्टेची सवय तिथंच लागली का?"

मुकादम लाल झाला, थुंकला आणि दुसऱ्या रांगेला गेला. देल्फिना खाली वाकून ठेचलेली फळं गोळा करत होती. तोमासानं पोराला हाताला धरून उठवलं. त्याचा तळवा थंडगार होता, त्या उन्हात.

"आई," तो म्हणाला, "वर उत्तरेला, वॉशिंग्टन राज्यात सफरचंदाच्या बागा आहेत. मावसभाऊ आहे तिथं. आम्ही दोघं जातो. नाव इथं लिहिलंय, इथंच शोधतील."

"आणि पोर?"

"तिचं काय? ती इथलीच आहे. तिला कोण नेतंय?"

"गप. कुणी कुठं जायचं नाही," तोमासा म्हणाली. "जे लिहिलं ते खोडता येतं."

*

ते कसं खोडायचं, हे तिला माहीत होतं. तिचा भाऊ खेचरावरून पडून पांगळा झाला होता तेव्हा गावच्या यादीतून त्याचं नाव काढायला तिची आई गेली होती. तोमासा आईच्या घागऱ्याला धरून बरोबर होती. आईनं कोंबडी घेतली, घरचा पाव घेतला, सरपंचाच्या अंगणात उभी राहिली आणि पोराचा जन्म कुठं झाला, काय खातो, कुठं पडला, कुठलं हाड मोडलं, सगळं सांगितलं. काही हातचं राखलं नाही. अर्धी सांगितलेली गोष्ट म्हणजे अर्धीच माफी, असं आई म्हणायची. सरपंचानं ऐकून घेतलं, कोंबडी आत पाठवली आणि कारकुनाला म्हणाला, खोड.

यारेलीला विचारावं असं तिच्या मनात एकदा आलं. पण जिनं आजीपासून कोपरानं झाकलं, तिच्यापुढं तोंड कोण वेंगाडणार? सेवेरोला सांगायचं नव्हतंच. काम झाल्यावर सांगायचं.

पुढल्या बागेतलं फळ अजून हिरवं होतं म्हणून शुक्रवारी काम नव्हतं. तोमासानं पहाटे उठून गोड पाव भाजले. लाल तुऱ्याची, चांगली अंड्यावरची कोंबडी धरली, पाय बांधले, पिशवीत घातली. लग्नासमारंभाचा निळा झगा घातला, वेणीला फीत लावली, खांद्यावर शाल घेतली. ओदिलोनला म्हणाली, "तालुक्याच्या कचेरीत चल."

"कोंबडीला कसला दाखला काढायचाय?"

"तू गाडी चालव."

कचेरीच्या दारात गणवेशातला पहारेकरी होता. त्यानं पिशवीत बघितलं. पिशवीनं त्याच्याकडे बघितलं. तो दोन पावलं मागं सरला आणि हातानंच सांगितलं, नाही. डोंगरातली आपली बोली सोडून तोमासानं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, की ही साहेबांसाठी आहे, अंड्यावरची आहे. तो हसला आणि अजून कुणाला तरी बघायला बोलावलं. दोघं हसले. ओदिलोन मान खाली घालून आला आणि कोंबडी गाडीत घेऊन गेला. पाव मात्र तिनं सोडले नाहीत.

आत थंड होतं, अंगावर काटा येईल इतकं. खिडक्यांपुढं रांगा. तोमासा दोन तास उभी राहिली. खुर्च्या होत्या, पण मागणं मागायला आलेला माणूस बसत नाही. तिच्या पायांना खालून मुंग्या आल्या. शेवटी काचेमागं एक तरुण बाई मिळाली, स्पॅनिश बोलणारी.

"बोला मावशी."

तोमासानं पाव काचेखालच्या फटीपाशी ठेवले, हात पोटाशी जोडले आणि सुरुवात केली. बापाचं आणि आईचं, दोन्ही आडनावं लावून सेवेरोचं पूर्ण नाव सांगितलं. जन्माचा दिवस सांगितला, त्या दिवशी पाऊस होता तेही. कुठल्या वाटेनं आला, किती वर्षं झाली, कागद नाही, सुनेपाशीही नाही, तिचं नाव देल्फिना, वस्तीतलं तिसरं घर, पुढं लिंबाचं झाड. सध्या कुठल्या बागेत काम करतो आणि मुकादमाचं नाव काय. माणूस वाईट नाही, पीत नाही, एकदा सोडून बायकोवर हात उचललेला नाही. मोजणीच्या कागदावर पोरीनं त्याचं नाव घातलंय. तेवढं साहेबांनी खोडावं.

गावच्या रीतीप्रमाणं ती खणखणीत आवाजात बोलत होती. कचेरी ऐकत होती.

काचेमागची बाई पांढरी पडत चालली होती. "मावशी, हळू. हळू बोला. मावशी, हे इथं सांगू नका... मोजणी इथं होत नाही. आमचा संबंध नाही त्याच्याशी."

"मग तुमच्या साहेबाला सांग. साहेब साहेबाला सांगेल."

दारावरचा पहारेकरी आता आत येऊन उभा होता, पट्ट्यात अंगठे अडकवून. बाईनं त्याच्याकडे बघितलं, तोमासाकडे बघितलं. मग पिवळ्या चिठोरीवर घाईघाईनं काहीतरी लिहिलं. "नाव परत सांगा. मी विचारून बघते कुणाला. आता तुम्ही जा मावशी. पाव घेऊन जा. आम्हाला घेता येत नाही."

तोमासानं नाव परत सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर. पाव तिथंच ठेवून आली. दिलेली वस्तू परत आणली की मागणंही परत येतं.

*

दुपारी सगळे घरात होते. तोमासा शाल न काढताच उभी राहिली.

"झालं काम," ती म्हणाली. "नाव खोडायला देऊन आले. माझ्यासमोर लिहून घेतलं. तुझंही गं, देल्फिना."

सेवेरोला आधी कळलं नाही. "कुणाला दिलं?"

"कचेरीत. तालुक्याच्या."

"काय सांगितलंस त्यांना?"

"सगळं सांगितलं. काही राखलं नाही."

"आई, सगळं म्हणजे काय?"

ती सांगत गेली. नाव, वाट, वर्षं, बाग, लिंबाचं झाड. सांगता सांगता तिला स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागला आणि लिंबाच्या झाडापाशी येऊन तो बंद पडला.

आणि यारेली, कोपऱ्यात उभी असलेली, भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"मी लिहिलंच नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"पप्पांचं नाव. आईचं नाव. मी लिहिलंच नव्हतं, आजी! घरात दोनच माणसं राहतात असं लिहिलं. तू आणि मी. कुणाला काही माहीत नव्हतं. कुणाच्याच कागदावर नव्हते ते!"

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? ते दोघं समोर बसून जेवत होते. त्यांना सांगू, की मी तुम्हाला घरात धरलंच नाही? वर्गात मी भांडले होते, सगळ्यांना मोजलं पाहिजे म्हणून. आणि घरी येऊन मीच..."

देल्फिना उठली. पहिल्यांदाच तिनं सासूकडे सरळ बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं, आटलेल्या विहिरीत वाकून बघावं तसं. मग आत जाऊन कोंबड्यांच्या दाण्याचं रिकामं पोतं आणलं आणि त्यात कपडे भरायला लागली.

"सेवेरो," तोमासा म्हणाली, "मी परत जाते. त्या पोरीला सांगते, चिठ्ठी फाड म्हणून."

"नको आई." तो तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलला. तिला शिव्या पेलल्या असत्या. ते पेललं नाही. "तू आता कुठं जाऊ नको."

तासाभरात ओदिलोन गाडी घेऊन आला. देल्फिनानं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, केसांची बट कानामागं सारली, शाळा सोडायची नाही म्हणून सांगितलं. सेवेरोनं आईच्या पुढं वाकून कपाळ तिच्या हाताला लावलं. त्याच्या मानेवरचा पुरळ तिला अगदी जवळून दिसला, ओला, चिघळलेला. लावायला घरात मलम होतं. ते द्यायचं सुचलं तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ उरली होती.

यारेलीनं कागदावर लिहिली होती तेवढीच माणसं आता घरात राहिली.

*

कुणी आलं नाही. जुलै गेला, कुणी आलं नाही. पांढरी गाडी नाही, गणवेश नाही, चिठ्ठी नाही. तोमासा रोज बागेत जाई आणि दुसऱ्याच माणसाच्या शिडीखाली खालच्या फांद्यांची फळं तोडी. कुणी आलं असतं, दार ठोठावलं असतं, तर निदान पोरगा वाचला असं तरी म्हणता आलं असतं.

रेडिओवर म्हणाले, पुढच्या वर्षीच्या मोठ्या मोजणीत तो प्रश्न असणार नाही. न्यायालयात अडला. तोमासानं यारेलीकडून सेवेरोला फोन लावून घेतला.

"ये आता," ती म्हणाली. "प्रश्न काढून टाकला त्यांनी."

पलीकडे वारा होता, माणसं ओरडत होती. "कुणी आलं होतं का, आई?"

"नाही रे बाबा. कुणी नाही."

"मग येतील." तो म्हणाला. "प्रश्न काढला म्हणतात ना, ते लपलेल्यांना बाहेर काढायलाच म्हणतात. आम्ही इथूनही हलणार आहोत. मालक नावं लिहून घेतोय."

"कुठं जाणार?"

त्यानं सांगितलं नाही. आईला सांगितलं नाही. तोमासाला कळलं, का सांगत नाही ते. ऑगस्टमध्ये तो नंबर बंद झाला.

यारेली वाळत चालली. शाळेतून यायची, दप्तर टाकायची, आईची उशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. एका संध्याकाळी तोमासानं घेवडा शिजवला, भाकऱ्या केल्या, ठेचा वाटला, दोन ताटं वाढली. दोघी ताटांसमोर बसल्या. भाकऱ्या गार झाल्या, कडा वळल्या.

"आजी," पोर म्हणाली, "मी त्या दिवशी नुसतं खरं सांगितलं असतं ना... जेवताना. एक वाक्य. पप्पा इथं असते. माझ्यामुळं झालं सगळं. तू म्हण तसं. मनातल्या मनात म्हणतेसच ना? मग तोंडानं म्हण."

तोमासानं ताट बाजूला सारलं. तिच्या बोटांच्या चिरांत पीचची लव बसून काळी झालेली होती. एक चीर तिनं नखानं कोरून बघितली. मग मान वर केली.

"ऐक तर," ती म्हणाली. "दोन महिने मी रोज उठून तुझी चूक शोधतीय. झाकलंस ती चूक, उलटून बोललीस ती चूक, आईबापाला कागदातनं गाळलंस ती चूक. एकेक घेतली आणि नाणं वाजवून बघावं तशी वाजवून बघितली. एकही खरी वाजत नाही. तुझी काही चूक नाही यारेली. हीच तर पंचाईत आहे. तुझ्यावर ढकलता आलं असतं, तर मी आज दोन घास खाल्ले असते."